काजव्यांच्या गावातून समुद्राच्या गावांकडे

निघण्याआधी

मे सरताना पहिला वळीव पडला की आमच्या शिवारातल्या हिरड्या-सादड्यांवर काजवे येतात. गाव भंडारदऱ्याच्या पाणलोटातलं, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या कडेचं. एक झाड लुकलुकायला लागलं की शेजारचं त्याला साथ देतं आणि बघता बघता अख्खी दरी एका तालावर उजळते, विझते. काजवे दिसले की आजी म्हणायची, पाऊस आठ दिवसांवर आला, घर शाकारून घ्या.

आता काजव्यांच्या आधी गाड्या येतात. शनिवारी रात्री रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. हेडलाइट पडला की झाडावरचे काजवे विझतात, आणि काजवा लुकलुकतो तो जोडीदारासाठी. उजेडात त्याचं ते दोन आठवड्यांचं आयुष्य वाया जातं. गेल्या वर्षी एका सोमवारी बचतगटाच्या आम्ही बाराजणींनी त्या झाडांखालून पोत्यांनी बाटल्या आणि प्लेटा उचलल्या. तंबू बाहेरच्यांचे, जेवणाचा ठेका बाहेरच्यांचा, माणशी दोन हजारांचं बुकिंग शहरात बसून होतं. गावाला मिळतात गाडीमागे पन्नास रुपये आणि चार पोरांची रोजंदारी.

ग्रामसभेत त्यावरून जोरात भांडण झालं. निम्मे म्हणाले, सगळं बंद करा. निम्मे म्हणाले, चार पैसे येतात तेही घालवता काय? मी ग्रामपंचायतीची सदस्य आहे आणि त्या दिवशी माझ्याकडे दोघांनाही द्यायला उत्तर नव्हतं. शेवटी सरपंचताईंनी सुचवलं की ज्या जिल्ह्यानं पर्यटन आधी अंगावर घेतलं, तो जाऊन बघू. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, देशातला पहिला. त्याला आता पाव शतकाहून जास्त काळ लोटला. काय साधलं आणि काय फसलं हे तिथल्या माणसांच्या तोंडून ऐकायचं, असं ठरवून फेब्रुवारीत आम्ही पाचजण निघालो: सरपंचताई, मी, बचतगटातल्या दोघी आणि ट्रेकच्या लोकांना वाट दाखवणारा माझा भाचा. खर्च थोडा गटाच्या बचतीतून, बाकी पदरचा.

दिवस पहिला: कुडाळ, पिंगुळी, धामापूर

दादरहून मध्यरात्रीची तुतारी एक्स्प्रेस. उजाडलं तेव्हा खिडकीबाहेर लाल माती आणि काजूचा मोहोर होता. बंद घरंही होती, पुष्कळ. अंगण सारवलेलं नाही, दाराला कुलूप, तुळशीवृंदावन मात्र शाबूत. 2001च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या 8,68,825 होती. 2011 साली ती 8,49,651 भरली. देशभर माणसं वाढत असताना हा जिल्हा एकोणीस हजारांनी घटला. हजार पुरुषांमागे 1036 बाया, कारण पुरुष मुंबईला. चाकरमान्याच्या मनीऑर्डरीवर चाललेला मुलूख म्हणतात तो हा. आमच्याकडची माणसं नारायणगावला आणि नाशिककडे मजुरीला जातात, त्यामुळे ही कुलपं आम्हाला लगेच कळली.

कुडाळला उतरून आधी पिंगुळी गाठली. ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची कला इथे टिकली आहे. परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली, आणि त्यांच्या घराण्यानं गुरांच्या गोठ्यातच कलेचं संग्रहालय उभं केलंय. मातीच्या भिंती, वर कौलं, आत बाहुल्या टांगलेल्या. कागदावरची जुनी रामायणाची चित्रं एकामागून एक दाखवत गोष्ट सांगायची, अशी ती चित्रकथी. आम्हीही ठाकरांच्या शेजारचे महादेव कोळी, आमच्याकडे बोहाडा आहे. सोंगांचे लाकडी मुखवटे दरवर्षी धूळ झटकून काढायचे आणि पुन्हा माळ्यावर टाकायचे, एवढंच आम्ही करत आलो. गोठ्यात संग्रहालय होऊ शकतं हे आमच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. बचतगटातली एकजण बाहेर आल्यावर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आपल्याकडचे मुखवटे वाळवीनं खाल्ले त्याला तीन वर्षं झाली."

मालवणच्या वाटेवर धामापूरचा तलाव लागतो. 1530 सालचा, विजयनगरच्या काळातला. आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगानं 2020 साली त्याला जागतिक वारसा सिंचन वास्तूचा मान दिला. काठावर भगवतीचं देऊळ, तीन बाजूंना झाडीचे डोंगर, आणि पाणी इतकं स्थिर की वाऱ्याची पावलं दिसावीत. पर्यटनाचा विचार करायचा तर आधी पाण्याचा करायला हवा, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी फार स्पष्ट कळणार होतं. पण पाचशे वर्षांपूर्वी कुणीतरी तो करून ठेवला होता, हे धामापूरला बघितलं.

दिवस दुसरा: तारकर्ली, देवबाग

या दिवसाबद्दल जास्त लिहिणार आहे, कारण वहीची अर्धी पानं याच दिवशी भरली.

देवबाग म्हणजे जमिनीची एक लांब जीभ. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी, मध्ये माड आणि घरं. काही ठिकाणी एका दारातून लाट दिसते आणि मागच्या दारातून खाडीतली होडी. आमचा मुक्काम अशाच एका घरी होता. पडवी, ओटी, माजघर तसंच ठेवून मागच्या परड्यात चार खोल्या काढलेल्या. काकींनी आम्हाला बघताच विचारलं, "खंयसून इलात? येवा, बसा." चहाबरोबर घावणे आले आणि ओल्या खोबऱ्याची चटणी.

राज्याच्या पर्यटन महामंडळानं, म्हणजे एमटीडीसीनं, तारकर्लीला तंबू आणि खोल्या उभारल्या तेव्हा इथले लोक तिथे नोकरीला होते. मग लोकांनी बघितलं की पाहुण्याला लागतं ते आपल्या घरात आहे. निवास-न्याहारी योजनेत नाव नोंदवून एकेकानं खोली काढली. काकींनी पहिल्या दोन खोल्या मुंबईतल्या मुलाच्या पैशातून बांधल्या, पुढच्या दोन बँकेच्या कर्जातून. मुलगा पाच वर्षांपूर्वी नोकरी सोडून परत आला. बोट तो चालवतो, हिशेब सून बघते. सुनेला मी राज्याच्या 2023च्या 'आई' धोरणाबद्दल विचारलं. महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरावीक मर्यादेत सरकार परत देतं, ते हे धोरण. ती म्हणाली, खोल्या सासूबाईंच्या नावावर आहेत म्हणून बरं, आमच्याकडे बहुतेक घरं अजून पुरुषांच्याच नावावर. आमच्या सरपंचताईंनी हे वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

रात्री जेवणात बांगड्याचं तिकलं, तिरफळ घातलेलं. भात, सोलकढी, काळ्या वाटाण्याचं सांबारं. जेवता जेवता आम्ही काकींना एक विनंती केली: आमच्या बिलातला रुपया कुठे कुठे जातो ते सांगाल का? त्यांना आधी हे विचित्र वाटलं असावं, पण मग त्यात त्यांना आमच्याहून जास्त रस आला. दोन रात्री, दोन खोल्या, पाच माणसांचं जेवण-न्याहारी मिळून बिल साडेदहा हजारांच्या आसपास होणार होतं. मी दोन रकाने आखले. गावात राहिला तो डावीकडे, बाहेर गेला तो उजवीकडे.

डावीकडे भराभर भरत गेलं. बांगडे सकाळच्या लिलावातले, शेजारच्या मावशीकडून घेतलेले. "बर्फातले नायत," काकींनी ठासून सांगितलं. तांदूळ घरचे. नारळ परड्यातले. सोलं धाकट्या जावेच्या माहेरची. दूध दोन घरं सोडून. घावणे घालायला एक विधवा बाई रोज सकाळी येते, तिची मजुरी. चादरी धुणारं वाडीतलंच एक घर आहे. उजवीकडे गॅस, तेल, विजेचं बिल, बाटलीबंद पाणी, फोनवरून बुकिंग करणाऱ्या कंपनीचं कमिशन आणि बँकेचा हप्ता. अंदाजे बेरीज केली तर दहातले सात रुपये गावात राहत होते, आणि त्या सातांतले बरेचसे बायांच्या हातात.

मग मी आमच्या काजव्यांचा हिशेब त्याच पानावर मांडला. माणशी दोन हजारांपैकी गावात काय राहतं? लिहिताना हात जड झाला. ग्रामसभेतलं ते भांडण मला तेव्हा नीट कळलं. पर्यटन हवं की नको, यावर आम्ही भांडत होतो. विचारायला हवं होतं ते हे, की अंथरूण कुणाचं, चूल कुणाची आणि वाट दाखवणारा कुणाचा.

पण काकींच्या घरीही सगळं सुखाचं नव्हतं. सकाळी त्या मला विहिरीकडे घेऊन गेल्या. अशा वाळूच्या पट्टीवर गोडं पाणी म्हणजे खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पातळ थर. उपसा वाढला की खालून खारं वर चढतं. "मे म्हयन्यात पाणी मचूळ जाता," त्या म्हणाल्या. विहिरीपासून थोड्याच अंतरावर शौचालयाची टाकी. शेजाऱ्याची टाकी त्याहून जवळ. पूर्वी घरात पाच माणसं असायची, आता हंगामात वीस. "खोल्ये बांधूक सगळ्यांनी सांगितल्यानी. पण ह्या सांडपाणी खंय जातला, ता कोणी इचारूक नाय."

हे वाक्य मी पुढचे सगळे दिवस बरोबर वागवलं. एक घर खोली बांधू शकतं, मासे रांधू शकतं, होडी घेऊ शकतं. पण मलनिःसारण एकट्या घराला जमत नाही. शुद्ध पाण्याची नळयोजना जमत नाही. समुद्र जमीन खात असताना बंधारा बांधणं जमत नाही. देवबागला धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचे काळे दगड ठिकठिकाणी पडलेत. उधाणाच्या भरतीला, नाहीतर 2021च्या तौक्तेसारख्या वादळात, लोक अंगणात उभे राहून समुद्र मोजतात. आणि किनाऱ्याजवळच्या बांधकामाला सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे, नियम. पिढ्यान्‌पिढ्या जिथे राहिलो तिथेच खोली बेकायदा ठरते म्हणून लोक चिडलेत, त्यांचं दुःख खरं आहे. पण त्याच अंगणात उभं राहून समुद्र बघितला की नियम का केला असेल तेही दिसतं. हा तिढा घराघराला नोटिसा देऊन सुटेल असं मला वाटत नाही. गावाचा एक नकाशा हवा: कुठे बांधायचं, कुठे नाही, सगळ्यांचं सांडपाणी कुठे न्यायचं, हंगामात जास्तीत जास्त किती पाहुणे गावाला पेलतील. जिल्ह्याला पर्यटनाचं नाव देताना हा कागद आधी व्हायला हवा होता.

दुपारी होडीतून संगमाकडे. त्सुनामी आयलंड म्हणून जो वाळूचा पट्टा आहे, तो 2004च्या त्सुनामीनंतर वर आला असं इथले लोक सांगतात. तिथे पाण्यातले खेळ, गर्दी, इंजिनांचा आवाज. आमचा होडीवाला चाळिशीचा, बाप रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायचा. पर्ससीन जाळ्यांच्या आणि एलईडी दिव्यांच्या मोठ्या बोटींनी मासळी उपसून नेली तशी रापणीच्या जाळ्यात काही उरेना. "जाळा इकून इंजिन घेतलंय," तो म्हणाला. गेल्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या मदतीनं किनाऱ्याच्या जैवविविधतेचा जो प्रकल्प सिंधुदुर्गात झाला, त्यात मालवणच्या कितीतरी पोरांना स्नॉर्कलिंगचं प्रशिक्षण मिळालं. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा शिकवणारी संस्थाही आहे. तरी 2022च्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघे गेले. त्याचा विषय निघाला तेव्हा तो इंजिनाकडे बघत राहिला. मग एकेकाला लाइफ जॅकेटचा पट्टा ओढून दाखवायला लावला आणि त्यानंतरच होडी हलवली.

दिवस तिसरा: किल्ला आणि एक न झालेला प्रकल्प

मालवणच्या धक्क्यावरून होडीनं सिंधुदुर्ग. 1664 साली महाराजांनी कुरटे बेटावर पायाभरणी केली. आत शिवराजेश्वराचं मंदिर, आणि खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव. 2025च्या जुलैत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यात हा आहे. पायरीला हात लावून आत गेलो. किल्ल्याबद्दल लिहिणारे माझ्याहून जाणते लोक पुष्कळ आहेत.

माझं लक्ष धक्क्यावरच्या एका गोष्टीवर होतं. किल्ल्याच्या होड्यांना नंबर लावलेले असतात. तिकीट एका ठिकाणी फाडायचं आणि ज्याचा नंबर त्याच्या होडीत बसायचं. कुणी गिऱ्हाइकाचा हात ओढत नाही. भाच्यानं धक्क्यावरच्या माणसाला गाठून सगळं विचारून घेतलं: नंबर कसा फिरतो, आजारी पडला तर पाळी कुणाला, पावसाळ्यात होड्या बंद असतात तेव्हा काय. आमच्याकडे वाटाड्यांमध्ये गिऱ्हाइकावरून गेल्या वर्षी मारामारी झाली होती. त्याच्या कपाळावरची खूण त्या रात्रीची.

दुपारी कालावल खाडीच्या पलीकडे तोंडवळीला गेलो. बघायला काही नव्हतं आणि तेच बघायला गेलो होतो. तोंडवळी-वायंगणीच्या भागात सी वर्ल्ड नावाचा पर्यटनाचा भलामोठा प्रकल्प यायचा होता. हजाराहून जास्त एकर जमीन लागणार होती. गावकऱ्यांनी विरोध केला, वर्षं गेली, प्रकल्प काही उभा राहिला नाही. आज तिथे कातळ आहे, माड आहेत, आंबा-काजूच्या बागा आहेत. सुरूच्या बनाजवळ एक आजोबा भेटले. त्यांना विचारलं, विरोध का केलात, रोजगार आला असता ना? ते म्हणाले, जमीन दिली असती तर आम्ही तिथे पाणी आणि टॉवेल द्यायला राहिलो असतो. पर्यटन नको, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. त्यांच्या पुतण्याच्याच तीन खोल्या आहेत.

आमच्या सरपंचताईंनी त्यांना सांगितलं की आमचं गाव पेसाखाली, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखाली, आहे, ग्रामसभेला विचारल्याशिवाय जमीन घेता येत नाही, आणि आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला परवानगीवाचून विकता येत नाही. आजोबांनी हात जोडले. म्हणाले, एवढं तुमच्या हातात आहे आणि तुम्ही आम्हाला विचारायला आलात? त्यांनी ते मायेनं म्हटलं. आम्ही मात्र परतीच्या वाटेवर कुणीच फारसं बोललो नाही. कायदा हातात असून आम्ही आमची पठारं हंगामापुरती तंबूवाल्यांना तोंडी बोलीवर देत आलो होतो.

दिवस चौथा: चिपी, वेंगुर्ला, वेळागर

नेरूरपारच्या पुलावरून परुळ्याकडे. चिपीच्या माळावर विमानतळ आहे. 9 ऑक्टोबर 2021 रोजी तिथून विमानसेवा सुरू झाली. मुंबईचं विमान पुढे बंद पडलं, आणि तिकडे गोव्यात 2023च्या सुरुवातीला मोपा विमानतळ सुरू झाला, सावंतवाडीपासून हाकेच्या अंतरावर. विमानतळाच्या बाहेर टपरीवर चहा घेतला. टपरीवाला म्हणाला, विमान येतं त्या दिवशी चार कप जास्त जातात. विमानाला माझा विरोध नाही. पण ज्या पैशात मोठं काम होतं त्याच्या काही अंशात देवबागचं सांडपाणी आणि प्रत्येक गावाला संध्याकाळची एक एसटी झाली असती तर काकींच्या दारात किती फरक पडला असता, हा विचार मनातून जाईना.

वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बाया कांदळवनाची सफर घडवतात. 2017च्या सुमाराला संयुक्त राष्ट्रांच्या मदतीच्या त्या किनाऱ्याच्या प्रकल्पातूनच हे सुरू झालं. कासोटा घातलेल्या बाया वल्ही मारत होत्या, इंजिन नाही. खाडीत शिरताच बाजाराचा आवाज मागे पडला. वल्ह्याचं पाणी, खंड्याची निळी रेघ, चिखलातून वर आलेली कांदळाची श्वासमुळं. कुठलं झाड मीठ पानावाटे बाहेर टाकतं, कुठल्याचं बी झाडावरच रुजतं, खेकडा कुठे लपतो, सगळं त्या सांगत होत्या, आणि पाठ केल्यासारखं नाही, रोजच्या शेजाऱ्याबद्दल सांगावं तसं. यातल्या बहुतेकींच्या घरी मासेमारीच. सुरुवातीला लोक हसले, बायका होडी वल्हवणार म्हणून.

आमच्या दोघी तिथे नुसत्या पर्यटक राहिल्या नाहीत. एकीनं वल्हं मागून घेतलं. मग दोन्ही गटांच्या बाया खाडीच्या मध्यात होडी थांबवून हिशेबावर बोलत बसल्या: दिवसाला किती फेऱ्या, पैसे रोज वाटायचे की महिन्याला, होडीच्या डागडुजीला किती बाजूला काढायचे, भरती-ओहोटीच्या वेळा पाहुण्याला आधीच कशा सांगायच्या. पाच दिवसांतला माझा सगळ्यात आनंदाचा तास हा.

नगरपरिषदेचं कचऱ्याचं ठिकाणही आम्ही आवर्जून बघितलं. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात वेंगुर्ल्यानं घरातच कचरा वेगळा करायची सवय लावली. ओल्यापासून गॅस, प्लास्टिक बारीक करून रस्त्याच्या डांबरात, आणि जिथे पूर्वी नाक दाबून जावं लागे त्या डेपोची बाग केली. लोक तिथे फिरायला येतात. झाडांच्या सावलीत उभं राहून मी दीर्घ श्वास घेतला, मुद्दाम. वास नव्हता. गावाला भांडवल लागत नाही अशी पर्यटनाची पहिली पायरी ही असावी. आमच्याकडे तर ती पोती अजून शाळेच्या मागे पडून आहेत.

सूर्य उतरताना शिरोड्याला पोहोचलो. 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला तो हा गाव. लगतच्या वेळागर किनाऱ्याची जमीन नव्वदच्या दशकात पर्यटनासाठी संपादित झाली, एका पंचतारांकित हॉटेलसाठी. लोक लढत राहिले, आणि पुढे कितीतरी वर्षं तिथे हॉटेल उभं राहिलं नाही. वाळूवर स्थानिकांच्या झोपड्या, शहाळी, तळलेले मासे. एका बाजूला जाहीर झालेलं पर्यटन, दुसऱ्या बाजूला आपोआप उगवलेलं. दोघांच्या मध्ये योजना नावाची गोष्ट लोकांशी बोलून कुणी केली असती तर ही वर्षं अशी गेली नसती.

दिवस पाचवा: सावंतवाडी, आंबोली आणि घर

सावंतवाडीत चितारआळीत लाकडी खेळणी घेतली. भाच्यानं लाकडी फळांचा संच बहिणीसाठी घेतला. मोती तलावाकाठी नाश्ता करून आंबोलीचा घाट चढलो. समुद्र मागे पडला आणि हवा आमच्यासारखी झाली. फेब्रुवारीत धबधबे आटलेले असतात, पण चहावाल्यानं पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारचं वर्णन केलं ते ऐकून आम्ही पाचही जण एकमेकांकडे बघितलं. तीच रांग, त्याच बाटल्या. आंबोलीत एक चांगली गोष्ट मात्र ऐकली: हिरण्यकेशीच्या उगमातला छोटासा मासा, 2020 साली शास्त्राला नव्यानं कळलेला, त्याच्यासाठी ती जागा 2021 साली जैवविविधता वारसास्थळ झाली. एका माशासाठी जागा राखता येते. काजव्यांच्या झाडांसाठी ग्रामसभा ठराव करू शकते का, हे सरपंचताई कोल्हापूर येईपर्यंत वहीत लिहीत होत्या.

कोल्हापूर, पुणे, संगमनेर करत आमच्या तालुक्याच्या गावी, अकोले इथे, पोहोचायला रात्र झाली. तिथून शेवटची जीप.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाचजण, पोलीस पाटील आणि शाळेचे गुरुजी असे काजव्यांच्या झाडांकडे चालत गेलो. झाडांना अजून पालवीही नव्हती. गुरुजींनी शाळेतली मोजपट्टी आणली होती. गाड्या गावाअलीकडे, जुन्या खळ्याजवळ थांबवायच्या आणि तिथून पाहुण्यांना आमच्या पोरांबरोबर, हातात लाल कागद लावलेली बॅटरी देऊन, चालत आणायचं असं आम्ही धरून चाललो होतो. अंतर किती भरतं ते बघायचं होतं. भाचा पट्टीचं टोक धरून पुढे निघाला. मागे बचतगटातल्या दोघी घरं मोजत होत्या: कुणाकडे पाहुण्याला टेकायला एक स्वच्छ खोली आहे, कुणाच्या परसात शौचालय आहे आणि त्याचं पाणी कुठे जातं. सातव्या घरापाशी एकीनं थांबून विचारलं, यांची खोली घरधन्याच्या नावावर लिहू की घरकारणीच्या?